तोंडातला घोट

आई चौथ्या शीलावर थांबली. खोकला आला म्हणून नाही, दम लागला म्हणूनही नाही. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील तिनं नेहमीच्या ठणठणीत आवाजात म्हटलं, ओठ मिटले आणि मेणबत्तीकडे बघत बसून राहिली. माझ्या जन्माआधीपासून रोज सकाळी पाचही शीलं एका दमात म्हणणारी बाई. मी डोळे मिटून तिच्या सुरात सूर लावून चालले होते, मला काय ठाऊक. माझा आवाज पुढे गेला आणि दारूपासून दूर राहीन हे पाचवं शील त्या खोलीत मी एकटीनंच म्हटलं. म्हणता म्हणता माझाच आवाज मला चोराचा वाटायला लागला. डोळे उघडले तर आई माझ्याकडे बघत होती. "म्हटलं?" म्हणाली. "बरं झालं. तुह्या बापानंबी आयकलं असंन." भिंतीवर बाबांचा फोटो होता, त्याला कालच नवी चौकट केलेली. उद्या त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. दारात मंडपाचे बांबू पडलेले, भन्तेजी सकाळच्या गाडीनं येणार, आणि घरचे लोक पुढच्या सतरंजीवर बसून त्यांच्याकडून शील घेणार. आई गुडघ्यावर हात टेकून उठली आणि पाठमोरी होऊन म्हणाली, "उद्या तू पुढं बसू नको. मागं बाया बसतीन, त्याइच्यात बस. साऱ्या पाटीपुऱ्यासमोर खोटं शील घेशीन, ते मले पाहावणार नाही."

मी उठले नाही. उठले असते तर काहीतरी फेकलं असतं. एकुलती एक मुलगी मी, बापाच्या कार्यक्रमाला बायांच्यात मागं बसायचं, आणि मागं का बसली हे पाटीपुऱ्यातल्या, आमच्या वस्तीतल्या, प्रत्येक तोंडानं प्रत्येक कानाला सांगायचं. प्रेरणानं, माझ्या चुलत बहिणीनं, जानेवारीत तो व्हिडिओ घरोघरी दाखवला तेव्हापासून हे शिजतंय. व्हिडिओत मी काळ्या कोटात उभी, हातात ग्लास, लाल वाइन गोल फिरवते, वास घेते, तोंडात घेते. तिथं व्हिडिओ संपतो. पुढं मी थुंकते ते, मी जिथं वाइन चाखायचं काम करते त्या हॉटेलवाल्यांनी कापलं. थुंकणारी बाई जाहिरातीत कोण दाखवील? "मी एक थेंब गिळत नाही, आई," मी म्हटलं, "किती वेळा सांगू?" "तोंडात घेते ना?" "घेते. थुंकते." "कोनी पाह्यलं?" म्हणाली. हे तिचं कायमचं. कोनी पाह्यलं. जगातली कुठलीही गोष्ट तिनं स्वतः पाहिल्याशिवाय झालेली नसते. मी कॉलेजात पहिली आले तेव्हासुद्धा तिनं कागद उलटसुलट करून शिक्का पाहिला होता.

आणि गंमत अशी की मला हे नाक दिलं कोणी? हिनंच. हिचं स्वतःचं नाक लहानपणी पडसं मुरून गेलेलं. फोडणी करपली तर डोळे चुरचुरल्यावर कळायचं. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक. संध्याकाळी त्यांची सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला की आई आतून म्हणायची, "दीपा, जाय बरं. पाह्य." पाह्य म्हणजे हुंग. मी उंबऱ्यावर उभी राहायची आणि बाबा, ग्रीसचे हात मागं धरून, माझ्या उंचीपर्यंत वाकायचे आणि तोंड उघडायचे. आधी डिझेल यायचं, मग विडी, मग कांदा. कांदा आला की समजायचं की कांद्याच्या मागं काहीतरी लपवलंय. मोहाची असली की गोडसर, ओल्या पोत्यासारखा वास. देशी असली की संत्र्याच्या गोळीचा, पण गोळी लवकर विरते आणि देशी विरत नाही. मी मागं वळून म्हणायची, "आहे" किंवा "नाही." आहे म्हटलं की त्यांचं ताट पालथं राहायचं. मी सातवीत होते तेव्हा त्यांनी विहारात सगळ्यांसमोर सोडली, आणि खरंच सोडली. पण आईचं "दीपा, जाय बरं" काही सुटलं नाही. मी शिकायला नागपूरला जाईपर्यंत तो माणूस रोज पायरीवर येऊन आपणहून वाकायचा, डोळे मिटायचा, तोंड उघडायचा, आणि मी रोज म्हणायची, नाही. त्यांना कधी राग आला नाही. मला यायचा. आत्ताही येतो, ते गेले तरी येतो, एखाद्याला किती वर्षं वाकवायचं?

तेच नाक पुण्याच्या हॉटेलात कामाला आलं. नोकरी लागली ती टेबलं लावण्याची. एकदा वाइनचा जाणकार शिकवायला आला होता, त्यानं ग्लासं मांडून सगळ्यांना ओळखायला लावलं, आणि मी एकटीनं एका ग्लासात बूच कुजल्याचा वास आहे हे सांगितलं. मग शिक्षण, परीक्षा, काळा कोट. पहिल्या दिवशीच मी ठरवलं होतं की घसा ही हद्द. जिभेपर्यंत काम, घशाच्या पुढं शील. माझ्याबरोबरची पोरं तास संपला की उरलेलं गटागटा संपवायची, मला हसायची, "दीपा, चांगली वाइन थुंकणं हे पाप आहे." पाप! मला पाप शिकवत होती. तोंडाच्या आतल्या कातडीतूनही थोडी दारू अंगात जाते, हे मला माहीत आहे, कान गरम होतात तेव्हा कळतं. पण मी ते हिशोबात धरत नाही, कोणा भन्तेजींना विचारलंही नाही, विचारायची हिंमत झाली नाही. वाइनचा शेवट म्हणून एक गोष्ट असते. गिळल्यानंतर घशात, छातीत ती किती वेळ राहते, कशी राहते, हे बघायचं असतं. परीक्षेत शेवटाबद्दल मी अंदाजानं लिहायची. जीभ आणि टाळू जे सांगतील त्यावरून पुढचं ताडायचं, आणि माझा अंदाज चुकत नसे. पण तो अंदाजच, दाराबाहेर उभं राहून घरात कोण बोलतंय ते ओळखण्यासारखा.

फोन दुपारी आला. अक्षयचा. दारव्हा रोडवर त्यांचा बंगला, बापाची कापसाची जिनिंग, पुण्यात आला की आमच्याच हॉटेलात उतरतो. त्यानं कुठल्याशा व्यापाऱ्याकडून फ्रान्सची लाल वाइन मागवली होती, बोर्दोची, दोन-चार बाटल्या, बापाच्या साठीला उघडायला. ती खरी आहे का, चांगली आहे का, आत्ता प्यायची का ठेवायची, हे मी येऊन, एक बाटली उघडून सांगावं असं त्यानं माझ्या साहेबांकडून वदवून घेतलेलं. "तुम्ही यवतमाळलाच आहात म्हणे," म्हणाला, जणू मी त्याच्यासाठीच बापाच्या कार्यक्रमाला आले. नाही म्हणता आलं असतं. पण फोन सुरू असताना आई मंडपवाल्याशी बोलायचं सोडून माझ्याकडे बघत उभी होती, आणि मला एकदम चेव आला. फोन ठेवून मी म्हटलं, "चल. कोनी पाह्यलं, कोनी पाह्यलं करते ना? चल माझ्यासंगं. बस समोर. बघ गिळते का थुंकते." मला वाटलं, जाईल चिडून आत. तिनं पदर खोचला. "येतो," म्हणाली. "तुले काय वाटलं, भेतो का मी? कळंब नाक्यावरचा दारूचा अड्डा आमी बायाइनं फोडला तवा पोलीसबी संगं नव्हते." आणि ट्रंकेतून उद्यासाठी काढून ठेवलेलं पांढरं लुगडं आजच नेसून तयार झाली. "थुंकताना पाह्यलं तं उद्या पुढं बसशीन," उंबरा ओलांडताना म्हणाली, "नाही तं मागं. बस, एवढंच."

दारव्हा रोडसाठी ऑटो केला. एप्रिलची दुपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, रेक्झिनची सीट भाजत होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती: मी पस्तिशीची बाई, आईला पुरावा दाखवायला चाललेय की मी थुंकते. लोक आईला पदवी दाखवायला नेतात, घर दाखवायला नेतात. तिच्याकडे बघवत नव्हतं. ती मात्र ताठ बसलेली, मांडीवर पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, कारण ती कोणाच्या घरी जाताना पाणी आपलं नेते, हे मी लहानपणापासून बघतेय आणि लहानपणापासून मला त्याची लाज वाटते. आता कोण पाणी नाकारतं कोणाला? असं मी तिला म्हणायची. ती म्हणायची, "नाकारत नाही वं. देते. कसं देते ते पाह्य."

बंगल्याच्या दारात अक्षयची आई होती, हसतमुख, अंगावर मऊ साडी. "या या. ह्या कोण, आई का? अगं बाई, छान." आईनं हात जोडले, "जय भीम." "हो हो, नमस्कार," त्या म्हणाल्या, आणि मग सोफ्यावर बसता बसता, "आडनाव काय म्हणाला अक्षय तुमचं?" अक्षय काही म्हणाला नव्हता. "खोब्रागडे," आई म्हणाली, मोठ्यानं, हॉलच्या पलीकडच्या भिंतीला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं. "हो का. पाटीपुऱ्यात?" "हाव. पाटीपुऱ्यातच." पाणी आलं. कागदी गिलासात. मी स्वतःला समजावलं, आजकाल सगळीकडे कागदीच देतात, लग्नात देतात, बँकेत देतात. अक्षय मात्र स्टीलच्या पेल्यातून पीत आत आला. आईनं गिलासाला हात लावला नाही, पिशवीतली बाटली काढली, दोन घोट घेतले आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं मला बघण्यापेक्षा लागलं.

त्यातली एक बाटली टेबलावर उभी होती. मी लेबल पाहिलं, बूच पाहिलं, मग ते काढून त्याचा ओला भाग कुठवर गेलाय ते पाहिलं. बूच बाहेर सरकलेलं नव्हतं. म्हणजे वाटेत कुठंतरी गोदामात उन्हानं उकळली नाही. हात कामाला लागले की माझा राग खाली बसतो, पातेल्यातल्या गाळासारखा, जात नाही पण खाली बसतो. "कूलर बंद करा," मी म्हटलं. वाळ्याच्या ताट्यांचा वास हॉलभर होता, त्यात वाइनचं काही कळलं नसतं. "अव बाप्पा, या उन्हात?" अक्षयची आई म्हणाली. कूलर बंद झाला. क्षणात घाम. "थुंकायला एखादं भांडं लागेल," मी म्हटलं, "उभट असलं तर बरं. स्टीलचं, प्लॅस्टिकचं, काहीही." "थुंकणार?" अक्षयचं तोंड पडलं. "एवढी भारी वाइन?" "तेच काम आहे माझं." तो आपल्या आईकडे वळला, मम्मी, थुंकायला काहीतरी दे गं. त्या उठून आत गेल्या. आई सोफ्याच्या कडेला सरकून बसली, हात मांडीवर, डोळे माझ्या तोंडावर. अड्ड्यावर धाड घालायला गेलेली बाई जशी बसेल तशी.

मी ग्लासात ओतली, थोडीच. पांढऱ्या रुमालावर तिरकी धरली. मधे गडद, जांभळं पिकून फुटल्यावर हाताला लागतं तसं, आणि कडेला विटकरी झाक. म्हणजे वय झालंय, पण म्हातारी नाही. न हलवता वास घेतला. आधी काहीच नाही, मग हळूहळू एक काळं फळ, ज्याला पुस्तकात वेगळं नाव आहे, जे मी झाडावर कधी पाहिलं नाही. माझ्यासाठी ते नेहमी करवंद आणि थोडं जांभूळ. ग्लास फिरवला. आता शिसपेन्सिलीला टोक केल्यावर येतो तो लाकडाचा वास, तेंदूच्या वाळलेल्या पानाचा, नव्या चपलेच्या कातड्याचा, आणि सगळ्यांच्या तळाशी ओली माती, थंड, तळघरातली. चार जातींची द्राक्षं होती तिच्यात. एकानं हाडं दिलेली, एकानं मांस. तिसऱ्याचा हिरवा, पानाचा वास वरून तरंगत होता आणि चौथं फक्त रंगाला, डाळीत हळद असते इतकंच. कोणी कोणाच्या पुढं येत नव्हतं. मी खूप मिश्रणं बघितली आहेत, जिथं एक द्राक्ष दुसऱ्याला दाबतं, आणि पिणाऱ्याला वाटतं किती दमदार आहे. इथं तसं नव्हतं. मला संताप आला, खरं सांगते. ही माझ्या उभ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वाइन होती, आणि ती मला कुठं भेटावी? या हॉलमध्ये, या माणसासमोर, जो उद्या तिच्यात बर्फ टाकील. अक्षय मोबाइल धरून माझा व्हिडिओ काढत होता. "बंद करा ते," मी म्हटलं, आणि माझ्या आवाजानं तो दचकला.

आतून स्वयंपाकघरातून कुजबूज येत होती. माझे कान कामात नसतात, नाक असतं, तरी ऐकू आलं. कोणी तरी म्हणालं, ते पातेलं नको, ते देवाच्या नैवेद्याचं. मग, बादली? बादली कशी देता, बरी दिसते का. मग, आपल्या भांड्यात कायले, ते नाही का गच्चीवर टांगाले आनलेलं. आई ऐकत होती. तिचं नाक गेलंय, कान नाही. मी घोट घेतला. भांडं येतंच आहे, या हिशोबानं घेतला. तोंडभर. जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटलं, बरोबर तेवढंच, आंबटपणा जिवंत आहे. मग हिरड्यांवर ती कोरड आली, अर्धंकच्चं टेंभुर्णीचं फळ खाल्ल्यावर तोंड आवळतं तशी, पण वयानं मऊ झालेली, मखमलीच्या उलट्या बाजूसारखी. थोडी हवा आत ओढली, घोट तोंडात घोळवला. फळ पुन्हा आलं, आता उकळलेलं नाही, सुकलेलं नाही, ताजं. माझ्या मनात आकडे आणि शब्द आपोआप बसायला लागले, तोल, खोली, लांबी. लांबी. गिळल्यानंतरचा तो शेवट. इथं नेहमीप्रमाणे मी अंदाजाला तयार झाले आणि थुंकायला मान वळवली.

अक्षयची आई समोर उभी होती, आणि तिच्या हातात मडकं होतं. लहानसं, मातीचं, नवं. उन्हाळ्यात पाखरांना पाणी ठेवायला बाजारात मिळतं ते. गच्चीवर टांगायला त्याच्या गळ्याभोवती सुतळी बांधलेली, सुतळीचा लांब फास खाली लोंबत होता. "हे घ्या," त्या हसून म्हणाल्या, "नवंच आहे. म्हंजे मंग फेकून देता येते." आणि टेबलावर नॅपकिन होता म्हणून, किंवा जागा नव्हती म्हणून, किंवा मला कधीच कळणार नाही कशामुळे, त्यांनी ते टेबलावर ठेवलं नाही, सुतळीला धरून माझ्या तोंडाखाली, छातीपाशी धरलं.

हे आम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. ते भाषणात येतं, जयंतीच्या देखाव्यात येतं, आजी सांगायची, तिला तिच्या आजीनं सांगितलं: आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं बांधत, थुंकी रस्त्यावर पडून रस्ता बाटू नये म्हणून. विहाराच्या भिंतीवर मी लहान असताना एका चित्रकारानं तो माणूस काढला होता, वाकलेला, गळ्यात मडकं, आणि आम्ही पोरी त्याच्यासमोरून धावत जायचो. मला सगळं एका झटक्यात समजलं आणि मी काहीच करू शकत नव्हते, कारण माझं तोंड भरलेलं होतं. बोलायचं तर गिळावं लागेल किंवा थुंकावं लागेल. जमिनीवर थुंकावं? गालिच्यावर? त्यांच्या मऊ साडीवर? एक क्षण मनात आलं, खोटं कशाला सांगू, साडीवरचं मनात आलं. त्या बाईला काही कळलेलंही नसेल. किंवा सगळं कळलं असेल. त्यांचं हसू तेच होतं, दारातलं. वाइन तोंडात गरम व्हायला लागली, कान तापले, नाकातून तिचा वास वर चढत होता आणि मी मान वाकवलेली होती. मडक्याच्या दिशेनं. थुंकायची सवय झालेली मान, आपोआप वाकलेली. मी आईकडे डोळे फिरवले. मला खात्री होती ती काय बघतेय: थुंक, दीपा, थुंक, म्हणजे उद्या पुढं बसशील. एवढ्यासाठीच तर आली होती ती. एक पिचकारी, पुरावा झाला.

आई उठून उभी राहिली होती. पांढऱ्या लुगड्यात, कूलर बंद असलेल्या त्या हॉलमध्ये तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तिनं तो पुसला नाही. तिचे डोळे मडक्यावर होते, सुतळीवर होते, मग माझ्या वाकलेल्या मानेवर. अड्डे फोडताना तिचा आवाज मी ऐकलाय, गल्लीच्या टोकापर्यंत जातो. आता ती इतकं हळू बोलली की अक्षयला ऐकूसुद्धा आलं नसावं.

"दीपा," म्हणाली, "मान वर कर. गिळ."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "गिळ म्हन्तो ना पोट्टे," ती म्हणाली. "त्याच्यात थुंकू नको. गिळ."

मी मान वर केली आणि गिळलं. घशाची हद्द होती ती, एवढी वर्षं एकेक घोट परत फिरवत सांभाळलेली, आणि ती ओलांडायला किती वेळ लागला? काहीच नाही. खाली जाताना ती जाळत गेली नाही, मला वाटायचं जाळेल. आधी ऊब, मग छातीच्या मधोमध काहीतरी उघडलं, मग पुन्हा वर, जिभेच्या मागच्या बाजूनं, करवंद, लाकूड, ओली माती, एकेक परत आलं आणि थांबलं. जायलाच तयार नाही. माझे परीक्षेतले सगळे अंदाज कमी पडले होते. मी रडत होते का? डोळ्यांत पाणी होतं, ते वाइनचं होतं की रागाचं, मला सांगता येणार नाही. इतकी सुंदर गोष्ट आणि ती मला अशी मिळावी, हुकमानं, मडक्याच्या धाकानं. मला त्या बाईचा राग आला, अक्षयचा आला, आणि सगळ्यात जास्त आईचा आला.

"काय झालं?" अक्षयची आई म्हणाली. मडकं अजून त्यांच्या हातात. आईनं ते त्यांच्या हातातून घेतलं, सुतळी नीट गुंडाळून मडक्यात टाकली आणि परत दिलं. "काही नाही बाई," म्हणाली. "पाखराचं हाये. पाखरालेच टांगा." त्यांचं हसू तेव्हा पहिल्यांदा गेलं. अक्षय दोघींकडे बघत, मग माझ्याकडे. "पण कशी आहे, ते तर सांगा. खरी आहे ना?" मी ग्लास खाली ठेवला. उरलेला घोट तसाच होता त्यात. खोटं बोलायची फार इच्छा झाली, म्हणावं भिकार आहे, ओतून टाका मोरीत. "खरी आहे," मी म्हटलं. "फार मोठी वाइन आहे. अजून दहा वर्षं वाढली असती. तुमच्या घरात नाही वाढणार, इथं हवा वाईट आहे." त्याला वाटलं मी उन्हाबद्दल बोलतेय. "मग फ्रीजमध्ये ठेवू का?" म्हणाला.

बाहेर डांबर मऊ झालेलं. ऑटो दिसत नव्हता. आम्ही फाटकापासून चालत चौकाकडे निघालो, ती पुढं, मी मागं. पाय हलके वाटत होते, आणि ते दारूनं की भासानं, हे ओळखण्याची मला सवयच नव्हती. तोंडात वाइन अजून होती. "आई, मी प्यायले," मी मोठ्यानं म्हटलं. रस्त्यावर कोणी नव्हतं, नाही तर सगळ्या दारव्हा रोडला ऐकू गेलं असतं. "एवढी वर्षं मी एक थेंब खाली जाऊ दिला नाही, तुझ्यासाठी, तुझ्या त्या शीलासाठी, आणि तू म्हणालीस गिळ. आता खूश? आता तरी बरोबर झालं तुझं? पिणारी म्हणत होतीस, झाले पिणारी." ती थांबली. कडुनिंबाच्या सावलीत थांबली आणि मागं न वळता म्हणाली, "तू कुठं प्याली वं. म्या पाजली." पिशवीतली बाटली काढून माझ्यापुढं धरली, मी घेतली नाही. मला ते पाणी नको होतं, तोंडातलं जाईल म्हणून नको होतं, आणि हे तिला कळू नये म्हणून मी तोंड फिरवलं. तिला कळलं असणार. "शील मोडलं असंन तं माहं मोडलं," ती म्हणाली. "तुह्यं नाही." मला ओरडावंसं वाटलं. माझं होतं ते! सांभाळलं मी, मोडायचा हक्कही माझा, तोसुद्धा हिनं घ्यावा? पण ती चौकाकडे बघत होती, तिकडून एक ऑटो येत होता.

"उद्या तू पुढं बस," ती म्हणाली. "मी मागं बसतो." आणि तिनं ऑटोला हात केला.